डोळ्यातला वायू आणि सातवा मजला

दहा दिवस मान खाली घालून बसायचं, एवढंच काम होतं. तसं पाहिलं तर मध्यमवर्गीय माणसाला या कामाचा दांडगा अनुभव असतो. शाळेत, नोकरीत, लग्न जमवताना, तो मान खाली घालत घालतच निवृत्त होतो. पण डॉक्टरबाईंना अपेक्षित होती ती शब्दशः खाली. नाक जमिनीकडे, टाळू समोरच्या भिंतीकडे, ताशी पन्नास मिनिटं. उरलेल्या दहा मिनिटांत जेवण, आंघोळ आणि स्वाभिमान.

कारण माझ्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ओल आलेल्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटतो, तसा.

आता माझी नोकरी सांगतो, म्हणजे भीतीचा आकार लक्षात येईल. औषधाच्या डबीत घडी घातलेला जो पातळ कागद असतो, तो छापायच्या आधी मी तपासतो. हा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मी बहुधा एकटाच. या कामाने मला दोन गोष्टी दिल्या. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचायची सवय, आणि जगात कशानेही काहीही होऊ शकतं ही खात्री. डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, ठळक तेवढं दिसतं, चेहरा एकांगी दिसू नये म्हणून ठेवलेला. म्हणजे उजवा गेला की नोकरी गेली, वाचन गेलं, आणि रस्ता ओलांडायला कोणाचा तरी हात धरणं आलं. हे मी कोणाला बोललो नव्हतो. घरात मी विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि विनोदी माणूस घाबरला की लोकांना आधी हसूच येतं.

सुरुवात एका सकाळी झाली. कागद तपासताना खालच्या कोपऱ्यातून करडी सावली वर आली. वाटलं, शाई सांडली. पुसली, पुसली गेली नाही. दुसरा कागद घेतला, तर तिच्यासकट. मग मी साहेबांकडे पाहिलं, तर साहेबांना हनुवटी नव्हती.

दुपारी आम्ही तिघं डॉक्टरबाईंसमोर होतो. आई, बाबा आणि मी.

"डोळ्यात एक पारदर्शक गर असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यानेच पडदा ओढून फाडलाय. तो गर काढावा लागेल."

"परत येतो ना तो?" आईने विचारलं.

"नाही. तो जन्माला एकदाच मिळतो."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बारशाला आलेला चांदीचा वाळा मी खेळताना हरवला होता.

बाबा कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावरही खिशात वही असते. त्यांनी ती काढली आणि गवंड्याला विचारावं तसं विचारलं, "मग त्या जागी भरता काय?"

"वायू किंवा तेल. वायूचा बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. काही आठवड्यांत आपोआप विरतो आणि त्याच्या जागी डोळ्याचंच पाणी येतं. तेल आपलं आपण जात नाही, काही महिन्यांनी परत शस्त्रक्रिया करून काढावं लागतं."

"आणि गराच्या जागी गरच?"

"प्रयोग चालू आहेत. अजून तसा हातात आलेला नाही."

"म्हणजे ओरिजनल माल बाजारात नाही," बाबांनी लिहून घेतलं.

डॉक्टरबाईंनी मला काही विचारायचंय का विचारलं. मला विचारायचं होतं, मी आंधळा होणार का? मी विचारलं, "पार्किंग कुठल्या बाजूला आहे?"

संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत दोन पक्ष पडले होते. चौथ्या मजल्यावरच्या आजी तेलाच्या बाजूने होत्या. "तेल कसं, अंगी लागतं. वारा काय, आज आहे उद्या नाही." दुसऱ्या मजल्यावरचा व्यायामवाला वायूच्या बाजूने होता, कारण हलका. लिफ्टमध्ये मला कोणी तब्येत विचारेना, मत विचारत. बाबांनी वहीत दोन रकाने केले. वायू अकरा, तेल नऊ, तटस्थ एक. तटस्थ मी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी हा निकाल वाचलाही नाही. भोक वरच्या बाजूला आहे, वायूच योग्य, असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या.

शस्त्रक्रियेबद्दल फार बोलत नाही. भूल फक्त डोळ्याला दिली होती. बाकीचा मी जागा होतो आणि घाबरायला मोकळा होतो. शेजारी बसलेली नर्स म्हणाली, "घाबरू नका." मी म्हटलं, "छे, मी कुठे घाबरतोय." ती म्हणाली, "मग माझा हात सोडा, बोटं सुन्न झालीत."

बाहेर आलो तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि मनगटावर हिरवा पट्टा. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं : डोळ्यात वायू आहे. विमानप्रवास करू नये. उंचीवर जाऊ नये. नर्सने समजावलं की उंचीवर वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, नजर जाऊ शकते. बाबांनी "नजर जाऊ शकते" च्या खाली दोन रेघा मारल्या. सवयीने मी पट्ट्यावरचे स्वल्पविराम तपासायला गेलो आणि एकही अक्षर दिसलं नाही.

इथवर सगळं सरळ होतं.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.

लिफ्टच्या दारात हवामानकाका भेटले. हे तिसऱ्या मजल्यावरचे. आयुष्यभर हवामान खात्यात निरीक्षक होते. माझी मान खाली असल्यामुळे मला त्यांच्या चपला दिसल्या, त्यांना माझा पट्टा दिसला.

"उंचीवर जाऊ नये," त्यांनी मोठ्याने वाचलं. "सातवा ना तुमचा?"

लिफ्टचं दार उघडून पुन्हा मिटलं. कोणी आत गेलं नाही.

"सातवा म्हणजे काय फार उंच नाही," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजाने पहिल्या मजल्यावरच दम टाकला होता.

"मोजता येईल," काका म्हणाले. ते वर जाऊन त्यांचा वायुभारमापक घेऊन आले. पितळेचा, जेवणाच्या ताटलीएवढा. तळमजल्यावर त्यांनी काटा कुठे आहे ते बाबांना दाखवलं. मग दोघं लिफ्टने सातव्यावर गेले. मी, आई आणि सासरहून माझ्यासाठी खास आलेली ताई जिन्यापाशी थांबलो. मी पायरीवर बसून फरशीची नक्षी बघत होतो.

पाच मिनिटांनी बाबांचे बूट परत आले. जाताना ते टकटक गेले होते, येताना आवाजच नव्हता.

"काटा हलला," बाबा म्हणाले.

"किती?" ताईने विचारलं.

"अडीच मिलिबार," काका म्हणाले.

अडीच मिलिबार म्हणजे किती, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पण काटा हलला होता. मध्यमवर्गीय घरात काटा हलल्यावर वाद संपतो.

"डॉक्टरांना फोन करून विचारा ना," आई म्हणाली.

"एवढ्याशा गोष्टीसाठी?" बाबा म्हणाले. "त्या कोणाच्या तरी डोळ्यात सुई घालून बसल्या असतील. फोन वाजला आणि हात हलला तर? आपल्या एका डोळ्यापायी दुसऱ्याचा घालवायचा?"

न वाजलेल्या फोनने कोणाचा तरी डोळा वाचवून आम्ही माझ्यासाठी तळमजल्यावर जागा शोधायला लागलो.

तळमजल्यावर एकच खोली होती, कमिटीची. सेक्रेटरींना बोलावलं. ते नियमांची फाइल घेऊनच आले.

"कमिटीच्या खोलीत निवास करता येत नाही. नियम चौदा."

"निवास कुठे," बाबा म्हणाले. "नुसता बसणार तो."

"झोपणार नाही?"

"झोपेल. पण पालथा."

सेक्रेटरींनी फाइल दोनदा उलटसुलट केली. "पालथ्याबद्दल काही नाही," ते नाइलाजाने म्हणाले. "पण अर्ज लागेल."

अर्जात 'खोली कशासाठी हवी' याखाली तीनच पर्याय होते : बैठक, साठवण, इतर. 'इतर'साठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. म्हणून त्यांनी 'साठवण'वर खूण केली. मग वस्तूचा फोटो हवा. मान वर करायची नसल्यामुळे सेक्रेटरी स्वतः फरशीवर उताणे झाले आणि त्यांनी खालून माझा फोटो काढला. चौदा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही, पण ते फार जवळून.

टेबलाच्या कडेवर, भोक बाहेर येईल असं, व्यायामवाल्याच्या मुलीचं पोहायचं फुगवायचं कडं ठेवलं. पिवळं, त्यावर बदकं. त्यात तोंड घालून मी बसलो. बाबांनी भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावला. सकाळ आई, दुपार ताई, बाकी बाबा. झोपेत मी उताणा झालो तर बुडबुडा पुढे येऊन डोळ्यातलं भिंग खराब होतं, म्हणून बाबा शेजारी खुर्ची टाकून माझ्या पाठीवर हात ठेवून बसत. मी जरा कूस बदलली तरी हात जड व्हायचा.

पट्टी निघाल्यावर त्या डोळ्याला दिसायचं ते फक्त धुकं. पाण्याखाली डोळे उघडावेत तसं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, वायूतून असंच दिसतं. पण वायू गेल्यावर मागे काय उरलंय, हे त्या म्हणाल्या नव्हत्या, आणि मी विचारलं नव्हतं. पन्नास मिनिटं बदकांच्या वासात तोंड खुपसून माणूस काय करणार? भीतीची यादी करायचो. शिंक आली तर पडदा सुटेल. खोकला आला तर सुटेल. शिंक दाबली तर नक्कीच सुटेल. दर तासाला, शिंक आली तर म्हणून, एक हात तोंडावर धरून दुसऱ्याने डावा डोळा झाकायचो आणि धुकं आहे ना, हे तपासायचो. काळोख नसला की पुढच्या तासाची बेगमी.

लोक येत होते. मला सगळे पावलांवरून ओळखू यायला लागले आणि सगळे माझ्या टाळूशी बोलायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "तेल घातलं असतं तर आज घरी असतास." एक भाऊबंद येऊन त्यांच्या ओळखीच्या कोणाचा तरी डोळा कसा गेला ते साग्रसंगीत सांगून, "पण तू काळजी करू नकोस," म्हणून गेले. सहाव्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाडकरू मला कमिटीचा कारकून समजले. त्यांनी न्हाणीघराच्या गळतीची तक्रार केली. मी मान खाली घालून गप्प. त्यांनी आवाज चढवला. मी आणखी खाली. शेवटी ते नरमले. बाहेर जाऊन सेक्रेटरींना म्हणाले, "चूक झाल्यावर इतका ओशाळलेला माणूस कमिटीत प्रथमच पाहिला."

सहाव्या दिवशी कमिटीची मासिक बैठक होती. ती दुसरीकडे घेता येत नाही. नियम नऊ. त्यामुळे ती माझ्याभोवती झाली. एक सभासद कमी पडत होता म्हणून बाबांच्या वतीने मला मोजलं. पार्किंगवर तासभर भांडण झालं आणि मला गुंगी आली. कोणीतरी म्हणालं, "हात वर करा." मी केला. ठराव मला खोलीतून हलवण्याचा होता. तो एका मताने मंजूर झाला.

"तुझंच मत का रे ते?" बाबांनी नंतर विचारलं.

"मला वाटलं, चहा हवाय का विचारतायत."

बाबा हसले नाहीत. ठरावाची अंमलबजावणी व्हायला आमच्याकडे दोन वर्षं लागतात, तेव्हा त्याची चिंता नव्हती. ते तक्त्यापाशी जाऊन उगीचच पेन्सिलीला टोक करत राहिले.

आठव्या दिवशी चार वाजता मी दहा मिनिटांसाठी मान वर केली. डावा डोळा झाकला. धुकं होतं. आणि धुक्याच्या वर, अगदी कपाळापाशी, एक काळी रेघ होती.

मी डोळा मिटून उघडला. रेघ होती. मान हलवली, रेघ थरथरली.

पहिली सावली खालून आली होती. ही वरून येत होती. मला शिंक आठवली. तिसऱ्या दिवशी दुपारी मला एक शिंक आली होती, आणि मी ती कोणाला सांगितली नव्हती.

मी पुन्हा कड्यात तोंड घातलं. ताईची पाळी होती. तिने दोन-तीन गोष्टी सांगितल्या, मग म्हणाली, "ठोंब्या, सेक्रेटरी आत्ता झाडूवाल्याला माझ्यासमोर विचारून गेले की साठवलेली वस्तू पुसायची का. आणि तू त्यावर काहीच बोलला नाहीस."

मी कड्यात तोंड आणखी खुपसलं.

"काय झालंय?"

"काही नाही."

ती खाली फरशीवर बसली आणि कड्याच्या भोकातून वर माझ्याकडे पाहायला लागली. उलट्या माणसाशी खोटं बोलणं सोपं असेल असं मला वाटायचं. नसतं.

"वरून रेघ आलीय," मी म्हटलं. "काळी. हलते."

"कधीपासून?"

"चारपासून. डॉक्टरांची तारीख परवाची आहे. तोपर्यंत उगाच..."

ती उठून गेली होती. बाबांची पावलं धावत आली. बाबा धावतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फोन लावला आणि ज्या आवाजात ते कारखान्याचा भोंगा वाजवायला सांगत असतील, त्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरांना द्या. हो, हातातलं काम थांबवून."

हवामानकाकांच्या गाडीतून निघालो. मी मागच्या सीटवर ओणवा, कडं मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला बाबा पुढे बघून काकांना म्हणत, "सावकाश," आणि पुढच्याच वाक्यात, "जरा लवकर." मी एक विनोद जुळवत होतो. तो आंधळ्या मुद्रितशोधकाबद्दल होता. अर्ध्यावर आला आणि मला पुढचा सुचला नाही.

डॉक्टरबाईंनी थेंब घातले. डोळ्यावर प्रखर उजेड धरला. वर बघा, खाली बघा, उजवीकडे. औषधांच्या कागदावर 'क्वचित' असा एक शब्द असतो. हजारात एक. मी तो रोज तपासतो, वेलांटी बरोबर आहे ना बघतो आणि पुढे जातो. त्या दोन मिनिटांत मी त्या शब्दावरच थांबलो होतो.

"पडदा बसलाय," त्या म्हणाल्या. "छान चिकटलाय."

"मग रेघ?"

"ती बुडबुड्याची कड. वायू विरायला लागला, पाणी भरायला लागलं. आता रोज थोडी थोडी खाली येईल. तिच्या वर जे दिसेल ते तुमचं."

बाबांनी वही काढली आणि विचारलं, "मग आता याला सातव्या मजल्यावर न्यायला हरकत नाही ना?"

"कुठून?"

बाबांनी सांगितलं. तळमजला, कमिटी, कडं, सगळं. डॉक्टरबाईंनी हातातला दिवा खाली ठेवला.

"सातव्या मजल्याने काही होत नाही हो. विमान, डोंगर, घाट. हे म्हणजे उंची."

"काटा हलला होता," बाबा म्हणाले.

"ढग आले तरी हलतो तो."

सगळ्यांची तोंडं दाराशी उभ्या असलेल्या हवामानकाकांकडे वळली.

"रोजच हलतो," काका शांतपणे म्हणाले. "दिवसातून दोनदा. पाऊस यायचा असला तर अडीच काय, दहासुद्धा."

"अहो, मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, काटा हलला का. हलला होता." काकांनी जरा विचार केला. "मी निरीक्षक होतो. निष्कर्ष दुसरं खातं काढायचं."

बाबा खुर्चीवर बसले. त्यांच्या हातातली वही मिटली. आठ दिवसांचा तक्ता, अर्ज, ठराव, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून खाली उतरत असणार, पण माझी मान परत खाली होती, मला त्यांचे गुडघे तेवढे दिसत होते.

"तळमजला बरा होता," मी म्हटलं. "लिफ्टची वाट बघावी लागली नाही."

"गप्प बस," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मला सरळ बसायला सांगितलं, डावा डोळा झाकायला सांगितला आणि नोंद करायची म्हणून म्हणाल्या, किती दिसतंय ते बघू. मान वर केली की बुडबुडा हेलकावतो, तळ्यातल्या पाण्यासारखा. थोडा वेळ थांबलो. पाणी स्थिर झालं. रेघ आडवी झाली. तिच्या खाली धुकं, आणि वर एक बारीक पट्टी, इतकी लख्ख, की भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या माथ्यावरची बारीक अक्षरं मी वाचली. छापणाऱ्याने वेलांटी चुकवली होती. मी ती चूक दोनदा वाचली.

रेघ खाली यावी म्हणून मी हनुवटी छातीशी घेऊन वर पाहिलं, तेव्हा बाबा समोर येऊन उभे राहिले होते.

"मी दिसतो?" त्यांनी विचारलं.

"अर्धे."

"कुठले अर्धे?"

"वरचे. नाकापर्यंत."

बाबांनी चष्मा काढला, मनगटाने डोळे पुसले, चष्मा परत लावला.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "आठ दिवस दाढी केलेली नाही."